स्लोवर आली की गप! 1992 ची मारुती 800, नाशिक. कोणी सांगेल का नेमकं काय बघायचं?

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी. बाबांची मारुती 800 आहे, 1992 ची, चार गिअरवाली, कार्बोरेटरची. पहिल्यापासून आमच्याकडेच. गेले दोन महिने एकच रडगाणं, स्लोवर (रेस सोडून नुसतं इंजिन चालू) आली की बंद पडते. सकाळी चोक ओढला की पहिल्या सेल्फला चालू. गंगापूर रोडने निघालो की जेहान सर्कलपर्यंत मस्त जाते, तिथे सिग्नलला पाय उचलला की भुर्र भुर्र, सगळी गाडी हलते आणि गप. लगेच सेल्फ मारला की लगेच चालू. रेस धरून ठेवली तर काही होत नाही. परवा मुद्दाम हायवेने ओझरपर्यंत नेली, 70 च्या स्पीडला, एकदाही मिसिंग नाही.

आतापर्यंत केलेलं : तिन्ही प्लग नवे, पॉइंट-कंडेन्सर नवे, पेट्रोल फिल्टर, एअर फिल्टर, कार्बोरेटर दोनदा खोलून साफ. 4,600 गेले. गॅरेजवाल्याने स्लोचा स्क्रू वाढवून दिला, तेव्हा बंद पडत नाही पण न्यूट्रलला ट्रॅक्टरसारखी ओरडते. आता तो म्हणतोय नवीन कार्बोरेटर टाका, नाहीतर इंजिनकाम निघेल. बाबा (वय 74) म्हणतात गाडीला काही झालेलं नाही, तुला चालवता येत नाही.

सिडकोकर
विका.

जुनाखटारा
@सिडकोकर, तुमच्यासारख्यांमुळेच चांगल्या गाड्या भंगारात जातात. 33 वर्षांची गाडी पहिल्या सेल्फला चालू होतेय, अजून काय पाहिजे माणसाला. माझ्या नवीन गाडीला चावी खिशात नसली तर दार उघडत नाही.

सिडकोकर
विका म्हणालो, भंगारात द्या नाही म्हणालो.

वर्कशॉप_मास्तर
नवीन कार्बोरेटर अजिबात घेऊ नका, निदान आठवडाभर तरी. आधी काही प्रश्न. बंद पडते ती गाडी थंड असताना पण, की गरम झाल्यावरच? ब्रेक दाबल्यावर मरते की नुसती न्यूट्रलला उभी असली तरी? हेडलाइट लावले, वायपर लावले तर फरक पडतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, गरम गाडी मरायला लागली की चोक थोडासा, अर्धा बोटभर, ओढून बघा आणि काय होतं ते इथे सांगा. स्क्रूंना आता हात लावू नका. गॅरेजवाल्याने तीन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झालं ते ब्रह्मदेवाला पण कळत नाही.

पंचवटीकर
एवढं डोकं कशाला लावताय. हे सगळं ई20 चं आहे. 20 टक्के इथेनॉल टाकतात पेट्रोलमध्ये आणि 1992 च्या गाडीला पाजतात. तेव्हाचे रबर, डायफ्रॅम, वॉशर काय इथेनॉलसाठी बनवलेत का? माझ्या जुन्या स्कूटरचा पेट्रोल पाइप चिकट होऊन फुगला. ॲव्हरेज गेलं ते वेगळंच.

नोझलकाका
मायकोत (आता बॉश म्हणतात पोरं) आयुष्य गेलं माझं, सातपूरला. नोझल आणि डिझेल. त्यामुळे पेट्रोल गाडीत मी जास्त बोलणार नाही, पण एक गोष्ट सांगतो. आमच्या मेहुण्यांची डिझेल जीप होती, वणीकडे द्राक्षबाग त्यांची. तीच तक्रार, स्लोवर हेलकावे खाते आणि बंद पडते, रेसवर व्यवस्थित. पंप खोला, नोझल बदला, सगळे सल्ले झाले. मी गेलो, फिल्टरच्या पाइपाचा तांब्याचा वॉशर बघितला, तो तिसऱ्यांदा वापरलेला. तिथून केसाएवढी हवा डिझेलमध्ये जात होती. नवा वॉशर टाकला, हँड पंपाने हवा काढली, झालं. मेहुण्यांनी चहा पाजला, वॉशरचे पैसे मीच दिले होते ते अजून द्यायचेत. सांगायचं एवढंच की स्लोच्या तक्रारीत चोर बहुतेक वेळा हवा असते.

चोक_ओढा
काका ती डिझेल आहे, इथे पेट्रोलची गाडी आहे. विषय वेगळा.

नोझलकाका
बरं बाबा.

वैशाली_कॉलेजरोड
मला लहानपणीचा कसारा घाट आठवला 😀 आमची फियाट होती. मे महिन्यात मुंबईहून येताना घाटात अर्ध्यात बंद पडायचीच. मग पप्पा बॉनेट उघडायचे, पाण्यात भिजवलेला पंचा पेट्रोल पंपावर ठेवायचे (म्हणजे गाडीतला पंप) आणि आम्ही भाऊबहीण दगडं घेऊन चाकामागे उभे. अर्ध्या तासाने चालू व्हायची. आईने त्या अर्ध्या तासासाठी वेगळा डबा आणलेला असायचा. तो प्रकार तर नाही ना हा?

वर्कशॉप_मास्तर
वैशालीताई, तो वेगळा प्रकार. घाटात इंजिन तापतं, पंपात आणि पाइपात पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ढकलू शकत नाही. ओल्या पंच्याने वाफेचं परत पेट्रोल व्हायचं. पण तशी बंद पडलेली गाडी थंड झाल्याशिवाय चालू होत नाही. इथे ते म्हणतायत लगेच सेल्फला चालू होते. म्हणजे पेट्रोल येतंय.

रविवारकारंजा
मेहेर सिग्नलला बंद पडली तर काळजी नको, कॉलेजची पोरं ढकलून देतात. द्वारकेला मात्र बंद पाडू नका, तिथे पाठीमागचा ट्रकवालाच ढकलतो.

गंगापूररोडकर
मास्तर, उत्तरं देतो. गरम झाल्यावरच मरते. थंड असताना चोकवर असते म्हणून कळत नाही. ब्रेकचा संबंध नाही, पार्किंगमध्ये न्यूट्रलला उभी ठेवली तरी मरते. हेडलाइट लावले तर जरा लवकर मरते.

आणि चोकचं सांगतो. अर्धा बोटभर ओढला आणि गाडी घड्याळासारखी चालायला लागली!! दहा मिनिटं उभी होती, हललीसुद्धा नाही. धावत घरात जाऊन बाबांना सांगितलं. तर बाबा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "मग? मी चार वर्षं तसाच चालवतोय. थोडा चोक ठेवायचा तिला." चार वर्षं! म्हणून ते म्हणत होते मला चालवता येत नाही. आणि गेल्या वर्षी ॲव्हरेज 11 वर आलं तेव्हा मी पंपवाल्याला शिव्या देत होतो.

जुनाखटारा
बाबा ग्रेट 🙏

वर्कशॉप_मास्तर
बाबांनी निदान करून ठेवलंय, फक्त सांगितलं नाही कोणाला. आता नीट वाचा.

चोक म्हणजे काय, तर हवेचं तोंड दाबायचं, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढतं. चोक ओढल्यावर गाडी सुधारत असेल तर तिला स्लोवर मिक्स्चर पातळ मिळतंय, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. याची कारणं दोनच. एक तर स्लोचं पेट्रोल कमी येतंय (स्लो जेट चोंदला, किंवा कार्बोरेटरचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारी बारीक झडप, उघडत नाही). नाहीतर कार्बोरेटरच्या खालून कुठूनतरी जास्तीची हवा आत शिरतेय.

आता फक्त स्लोवरच का, हे समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं. पाय उचलला की थ्रॉटलची पाकळी जवळजवळ बंद होते आणि पिस्टन तर ओढतच असतात, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये (कार्बोरेटरपासून सिलिंडरांकडे जाणाऱ्या फाट्यांच्या नळीत) सगळ्यात जोरदार ओढ तेव्हाच असते. तेव्हा एखादं बारीक भोक असलं तरी त्यातून भरपूर हवा जाते. आणि इंजिनला लागणारी एकूण हवाच तेव्हा थोडी असते, त्यामुळे ती चोरवाट मोठी वाटते. हायवेला पाकळी उघडी, ओढ कमी, आणि इंजिन इतकी हवा पितंय की त्या भोकाने काही फरक पडत नाही. उसाच्या रसाच्या नळीला भोक असलं आणि हळू ओढलंत तर तोंडात हवाच येते, तसंच.

नोझलकाका बरोबर होते. चोर हवाच असावा.

नोझलकाका
😌

चोक_ओढा
कार्बोरेटरचा सोलेनॉइडच असणार, मी पैज लावतो. या गाड्यांमध्ये तोच जातो. सोपा उपाय, सोलेनॉइड काढा, पुढची पिन पक्कडने तोडा, परत बसवा. कायम उघडा राहील. माझ्या ओमनीला सहा वर्षं तसंच आहे.

अंबडचा_फिटर
आणि चावी बंद केल्यावर तुमची ओमनी ढुक ढुक ढुक करत अर्धा मिनिट चालत राहते, खरं की नाही? तो सोलेनॉइड त्यासाठीच तर दिलाय. चावी बंद केली की स्लोचं पेट्रोल तोडायचं, नाहीतर गरम इंजिन स्पार्कशिवाय पण जळत राहतं. पिन तोडणं म्हणजे दार लागत नाही म्हणून दारच काढून ठेवायचं.

चोक_ओढा
करते ढुक ढुक, पण थोडंच. गिअरमध्ये टाकून क्लच सोडला की बंद होते 😅

वर्कशॉप_मास्तर
तोडू नका. आधी तपासा. बॉनेट उघडं, इंजिन बंद, कोणालातरी चावी ऑन करायला सांगा आणि तुम्ही सोलेनॉइडला बोट लावून ठेवा. टक् असा आवाज येतो आणि बोटाला कळतं. येत नसेल तर वायर बघा, कार्बोरेटर दोनदा उघडलाय म्हणजे वायर सैल राहिलेली असू शकते.

दुसरं, पीयूसीची चिठ्ठी शोधा. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) किती लिहिलंय ते सांगा. पास-नापास नको, आकडे हवेत.

पंचवटीकर
पीयूसी? त्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवतं.

गंगापूररोडकर
सोलेनॉइड टक् करतो, आईने चावी फिरवली, मी बोट लावलं, स्पष्ट कळतं. पैज हरलात चोक_ओढा.

पीयूसी सापडली, तीन आठवड्यांपूर्वीची, तेव्हा स्लोचा स्क्रू वाढवलेलाच होता. सीओ 0.28 टक्के, एचसी 1,120. पास आहे. सीओ एवढा कमी म्हणजे गाडी फार स्वच्छ ना?

वर्कशॉप_मास्तर
नाही हो, उलट. तुमच्या काळातल्या गाडीला सीओची मर्यादा 3 टक्के आणि एचसीची 1,500 आहे म्हणून पास झाली. पण डॉक्टरच्या नजरेने बघा. कार्बोरेटरच्या गाडीला स्लोवर सीओ साधारण दीड-दोन असायला हवा. 0.28 म्हणजे मिक्स्चर फारच पातळ. आणि एचसी म्हणजे न जळलेलं पेट्रोल, ते इतकं वर का? तर मिक्स्चर इतकं पातळ झालंय की मधूनमधून पेटतच नाही आणि तसंच सायलेन्सरातून बाहेर जातं. सीओ कमी आणि एचसी जास्त, ही जोडी दिसली की हवेची गळती शोधायची. तुमची चिठ्ठी तीन आठवडे डॅशबोर्डमध्ये पडून होती.

पंचवटीकर
बरं, पातळ झालं ते इथेनॉलमुळेच ना? इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, पुस्तकात लिहिलेलं आहे. कार्बोरेटरला काय कळतंय, तो जुन्या पेट्रोलच्या मापानेच सोडतो.

वर्कशॉप_मास्तर
हे मात्र तुमचं बरोबर आहे. नवीन गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो, तो बघून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला डोळे नाहीत. त्यामुळे ई20 वर मिक्स्चर थोडं पातळ होणारच. पण ते थोडं, आणि सगळ्या स्पीडला. तसं असतं तर ओझरला जाताना पण गाडी धापली असती. शिवाय बाबा चार वर्षं चोक ओढतायत, 20 टक्के इथेनॉल सगळीकडे त्याच्यानंतर आलं. ई20 ने आधीच्या आजारावर मीठ चोळलं असेल, आजार त्याचा नाही.

सिडकोकर
कुंभमेळ्याआधी निदान होईल का?

रविवारकारंजा
2027 ला अजून वेळ आहे. तोपर्यंत रस्तेच इतके खोदलेत की गाडी बंद पडली काय आणि चालू राहिली काय, पोहोचायची वेळ तीच.

अंबडचा_फिटर
मास्तर, हवेची गळती मान्य, पण टॅपेट (व्हॉल्व्हची गॅप) बघितल्याशिवाय मी शांत बसणार नाही. जुन्या गाडीचे व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत जातात, गॅप कमी होत जाते, गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. लक्षण हेच, गरम झाल्यावर स्लो धरत नाही. गॅरेजवाल्याने सगळं केलं पण टॅपेटचं नाव नाही. भाऊ, एक काम करा. गाडी रेस धरून चालू ठेवा आणि एकेक प्लगची वायर काढून बघा, रबरी हातमोजा किंवा इन्सुलेशनची पक्कड घ्या हं, नाहीतर करंट असा बसतो की नाव विसराल. वायर काढल्यावर इंजिन धपकन खाली आलं पाहिजे. ज्या सिलिंडरला फरक पडत नाही तो आळशी.

चोक_ओढा
हवा शोधायला कार्बोरेटरच्या बुडाशी सिरिंजने पेट्रोल मारा. गळती असेल तिथे मारलं की रेस वाढते. आमचा मिस्त्री असंच करतो.

वर्कशॉप_मास्तर
नको!! गरम सायलेन्सरवर पेट्रोल? तुमच्या मिस्त्रीचं नशीब चांगलं आहे एवढंच. साधं पाणी घ्या, केसांना मारतात तो फवारा. पाण्याने भोक क्षणभर बुजतं आणि इंजिनचा आवाज बदलतो. फक्त डिस्ट्रिब्युटर आणि वायरींवर जाऊ देऊ नका. आणि ज्या रबरी नळ्या मॅनिफोल्डला जातात त्या एकेक करून पक्कडने हळूच दाबा. कुठली दाबल्यावर इंजिन सुधारलं तर तिच्या पलीकडे चोर.

गंगापूररोडकर
रविवारचा अहवाल. सकाळी मिसळ खाऊन (कुठली ते विचारू नका, भांडणं होतात) कामाला लागलो.

पाणी मारलं कार्बोरेटरच्या बुडाला, चहूबाजूंनी. काही नाही. मॅनिफोल्ड आणि हेडच्या जोडावर मारलं, काही नाही. दिसणाऱ्या सगळ्या नळ्या दाबल्या, काही नाही. बायकोचा फवारा काळा झाला, त्याचं वेगळं ऐकून घेतलं.

प्लगच्या वायरी काढल्या. 1 नंबर काढला, इंजिन एकदम पडलं. 2 नंबर, पडलं. 3 नंबर काढला तर किंचित फरक, जवळजवळ नाहीच. फिटरभाऊ, तुमचाच सिलिंडर निघाला बहुतेक 😟

अंबडचा_फिटर
म्हटलं होतं ना. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघून घ्या तिन्हीचं. 3 नंबर कमी असेल तर हेड काढायचं.

गंगापूररोडकर
अंबडला फिटरभाऊंकडेच जाऊन आलो, पैसे घेतले नाहीत, धन्यवाद. तिन्ही सिलिंडर सारखे आले आणि टॅपेट पण मापात. आता?

अंबडचा_फिटर
कबूल करतो, मला हेडच वाटलं होतं. कॉम्प्रेशन या वयाला छान आहे. आता मास्तर बोलतील.

वर्कशॉप_मास्तर
उलट आता खूपच सोपं झालं. कॉम्प्रेशन ठीक, प्लग नवा, आणि तरी 3 नंबर स्लोवर आळशी. म्हणजे गळती सगळ्यांना सारखी मिळत नाहीये, 3 नंबरच्या फाट्याजवळ कुठेतरी आहे आणि जास्तीची हवा तोच पितोय. कार्बोरेटर तिघांना सामाईक आहे, तो दोषी असता तर तिघेही रडले असते. म्हणून नवीन कार्बोरेटर टाकून काही झालं नसतं.

सातपूरला आलात तर व्हॅक्यूम गेज देतो, मॅनिफोल्डची ओढ मोजायचं मीटर. समुद्रकाठी चांगलं इंजिन स्लोवर 18 ते 20 इंच (पाऱ्याचे) दाखवतं. आपलं नाशिक साधारण 600 मीटर उंचावर, म्हणजे आपल्याकडे दोनेक इंच कमीच धरायचे, 16 ते 18 आलं तर उत्तम. मुंबईचे व्हिडिओ बघून लोक उगाच घाबरतात.

गंगापूररोडकर
गेज आणलं. 12, आणि काटा थरथरतोय.

वैशाली_कॉलेजरोड
मला गाड्यांमधलं फार कळत नाही पण एक विचारू का. या गाडीला कधी गॅस किट होतं का? माझ्या भावाच्या ओमनीचं किट काढलं तेव्हा मेकॅनिक एक नळी अशीच सोडून गेला होता आणि गाडी काही दिवस वेड्यासारखी करत होती.

गंगापूररोडकर
अरे देवा. होतं! एलपीजीचं. 2006 ला बसवलं, 2012 ला काढलं, टाकी डिकीत जागा खाते म्हणून आई चिडायची. थांबा.

जुनाखटारा
थांबलोय.

रविवारकारंजा
मी चहा ठेवलाय.

गंगापूररोडकर
सापडलं!!!!

मॅनिफोल्डच्या मागच्या अंगाला, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत), 3 नंबरच्या फाट्याला एक पितळी खुटी घुसवलेली आहे. कंपनीची नाही, भोक पाडून आटे मारून बसवलेली. वरून दिसतच नाही, मोबाइलचा कॅमेरा आत घालून फोटो काढला तेव्हा दिसली. तिच्यावर रबरी नळीचा चार बोटांचा तुकडा, आणि नळीच्या दुसऱ्या टोकात बोल्ट कोंबून वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. नळीला बुडाशी, खुटीच्या तोंडाशीच, नखाएवढी चीर. हात लावला तर नळी बिस्किटासारखी तुटली. मॅनिफोल्डवर मी पाणी मारलं ते सगळं पुढच्या बाजूला.

बोटाने खुटी बंद केली. इंजिन आपोआप इतकं वाढलं की दचकलो, कारण स्लोचा स्क्रू वाढवलेला होता ना.

वर्कशॉप_मास्तर
शाब्बास! ती गॅसच्या रिड्युसरची (गॅसचा दाब कमी करणाऱ्या डब्याची) व्हॅक्यूमची खुटी. इंजिन चालू असेल तरच गॅस सुटावा म्हणून रिड्युसरला मॅनिफोल्डची ओढ द्यावी लागायची. किट काढताना खुटी काढून तिथे आट्यांचा प्लग बसवायला हवा होता. लोक नळीत बोल्ट कोंबून मोकळे होतात. गरम झाल्यावरच का मरायची ते पण कळलं आता, थंड असताना चोक असायचा.

आता रबरी टोपी पण नको. पितळी प्लग, आट्यांना सीलंट, पक्का. मग स्लोचा स्क्रू खाली आणा, आणि मिक्स्चरचा स्क्रू पीयूसीच्या मशीनवर लावून घ्या, कानाने नको.

पंचवटीकर
बघा, रबर गेलंच ना. इथेनॉल.

अंबडचा_फिटर
पंचवटीकर, त्या नळीत पेट्रोल जातंच कुठे. 13 वर्षं इंजिनच्या मागे, सायलेन्सरच्या उष्णतेत. लोखंड सुद्धा वाकलं असतं.

पंचवटीकर
पेट्रोलची वाफ असतेच की मॅनिफोल्डमध्ये.

नोझलकाका
तुम्ही दोघं भांडा. मी वॉशरच्या पैशांचं मेहुण्यांना आज परत आठवण करून देतो.

गंगापूररोडकर
शेवटचा अहवाल. टर्नरकडून पितळी प्लग करून घेतला, 60 रुपये. बसवला. गेज 17 वर, काटा स्थिर. मास्तर, तुमचं गेज उद्या परत आणतो. पीयूसीवाल्याकडे बसून मिक्स्चर लावून घेतलं, सीओ 1.6, एचसी 310. काल संध्याकाळी अशोक स्तंभ, सीबीएस, द्वारका, मुंबई नाका असा मुद्दाम सगळ्या सिग्नलांचा फेरा मारला, एकदाही बंद नाही. वैशालीताई, तुमचे विशेष आभार. मी चार दिवस 2012 ला काढलेलं किट विसरलो होतो.

बाबांना शेजारी बसवलं होतं. जेहान सर्कलला गाडी उभी राहिली आणि सवयीने त्यांचा हात चोककडे गेला. मी म्हटलं, बाबा राहू द्या. त्यांनी तरी ओढला. गाडी गुदमरून बंद पडली. म्हणाले, "बघ, बिघडवलीस."

चोक_ओढा
😂😂 बाबांना माझं नाव देऊन टाका.

जुनाखटारा
ती सायकलच्या ट्यूबची पट्टी कोणी गुंडाळली होती ते विचारलं का?

गंगापूररोडकर
विचारलं. विषय बदलला.

सिडकोकर
आता चालू आहे म्हणता तर विकायची का? रविवारी बघायला येतो.

गंगापूररोडकर
या की. बाबांना तुम्हीच विचारा, मी तेव्हा मिसळ खायला बाहेर असेन.